नळवाल्या मामाचा पांढरा ठिपका

माझ्या मामाने आयुष्यात एकच नळ दुरुस्त केला आणि तोही फार उशिरा. तरी निम्मं शहर त्याला नळवाला म्हणूनच ओळखायचं. नवखी माणसं विचारत विचारत त्याच्या दुकानाशी यायची, वरची टाकी वाहतेय, जरा येऊन बघता का म्हणायची, आणि मामा हातातलं काम तसंच टाकून त्यांना समजावत बसायचा की नळवाला मीच, पण नळाचं काम मी करत नाही. माणसं गोंधळून निघून जायची. मामाचा धंदा होता गाड्यांमध्ये स्टिरिओ आणि स्पीकर बसवण्याचा. हे नाव त्याला कसं चिकटलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

दुकान म्हणजे एका शटरची खोली. एका बाजूला पंक्चर काढणारा, दुसऱ्या बाजूला चाव्या करणारा. आत भिंतभर फळ्या आणि त्यांवर लोकांच्या गाड्यांमधून काढलेले कंपनीचे सेट ओळीने मांडलेले. मामा त्यांना 'सेवानिवृत्त मंडळी' म्हणायचा. त्या काळी गाडी कितीही भारी घेतली तरी तिच्यातला स्टिरिओ असा असायचा की साध्या बातम्याही कुणीतरी नाक धरून देतंय असं वाटायचं. गाडी घेतल्याचा आनंद पंधरा दिवस टिकायचा, मग माणूस पडलेल्या चेहऱ्याने मामाच्या दारात यायचा. मामा त्याला काही विचारायचा नाही. गाडीत बसायचा, दारं लावून घ्यायचा, अर्धा मिनिट ऐकायचा आणि बाहेर येऊन एवढंच म्हणायचा, काढू या.

नवे स्पीकर बसले की गिऱ्हाईक सरसावून बसायचं. आता दणकून गाणं लागणार अशी त्याची अपेक्षा. मामा गाणं लावायचाच नाही. गाण्यात सगळं खपून जातं असं त्याचं ठाम मत होतं. स्पीकरची परीक्षा घ्यायची तर माणसाच्या बोलण्यावर घ्यावी, आणि तेही अशा माणसाच्या, ज्याचा आवाज आपण रोज ऐकतो. त्यात केसाएवढा फरक पडला तरी कानाला लगेच खटकतो. म्हणून दुकान काढलं त्याच वर्षी त्याने घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि मामीला म्हणाला, बोल. काय बोलू, तिने विचारलं. काहीही बोल, पण दहा मिनिटं बोल.

अशी संधी मामी सोडणार होती थोडीच.

"बोलू? बरं," अशी ती कॅसेट सुरू होते. "स्वयंपाकघरातला नळ पंधरा दिवस गळतोय. खाली बादली ठेवलीय, ती मीच ओतते. कपाटाची मूठ ओढली की हातात येते. मग ती परत लावायची, मग कपाट उघडायचं." त्यानंतर पडद्याची दांडी एका बाजूने उतरल्याचं प्रकरण आहे. मग भिंतीवरचं घड्याळ साडेचारला बंद पडलंय आणि त्यात साधा सेल घालायला घरातल्या विद्युततज्ज्ञांना सवड नाही, असं आहे. गंमत म्हणजे हे सगळं ती अजिबात चिडून बोलत नाही. शेजारणीला भाजीचे भाव सांगावेत तशा सुरात सांगते. मध्ये एकदा हसते, बहुतेक मामाचा चेहरा बघून.

ती कॅसेट शहरातल्या शेकडो गाड्यांमध्ये वाजली. डॉक्टर, वकील, बँकेचे साहेब, सगळ्यांनी नव्या कोऱ्या स्पीकरवर सगळ्यात आधी ऐकलं ते मामीच्या नळाबद्दल. घरची लक्तरं वेशीवर टांगलीत म्हणून मामी आठवडाभर मामाशी बोलली नव्हती म्हणे. मग दुकानात, दवाखान्यात, पोस्टात अनोळखी माणसं तिला अदबीने विचारायला लागली, वहिनी, नळाचं काय झालं. तेव्हा मात्र तिलाही मजा वाटू लागली. "अजून नाही, आधी तुमच्या गाड्या," असं ती सांगायची. माझ्या आईचं, म्हणजे मामाच्या धाकट्या बहिणीचं, म्हणणं असं की दादाने तो नळ मुद्दाम दुरुस्त केला नाही. केला असता तर कॅसेट खोटी पडली असती.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीत स्पीकर असतात दोन दारांमध्ये, पायाशी. पण ते नीट बसवले तर आवाज दारातून येतो असं वाटतच नाही. तो समोरून येतो, काचेपाशी, बरोबर मधोमध, जिथे खरं तर काहीच नसतं तिथून. मामा म्हणायचा, ती उभी राहिली पाहिजे. ती उभी राहीपर्यंत गाडी दुकानातून हलायची नाही. राहिली की मामा खिशातून एक कागद काढायचा. दुकानदार वस्तूंवर किंमत लिहायला गोल पांढरे कागदी ठिपके वापरतात ना, त्यांचा. त्यातला एक ठिपका आतून काचेवर लावायचा, आवाज जिथून येतोय बरोबर तिथे. ती त्याची सही. गिऱ्हाइकंही तो ठिपका काढत नसत. कॉलेजात असताना मी सिग्नलला उभी असले आणि शेजारच्या गाडीच्या काचेवर तो ठिपका दिसला, की मला कळायचं, इथे मामी येऊन गेलीय.

आमच्या गाडीत ती उभी राहिली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी असेन सात-आठ वर्षांची. मामा स्टिअरिंगवर, बाबा त्याच्या शेजारी, मी आणि आई मागे. कॅसेट लागली आणि मी सीटवर गुडघे टेकून पुढे वाकले, मामी कुठे बसलीय ते बघायला. समोर कुणी नव्हतं. काचेपलीकडे पंक्चरवाल्याची पाण्याची घमेली तेवढी दिसत होती. आईने मला खाली खेचलं आणि मग तीच वाकून बघायला लागली. तेव्हा मामी चालत दहा मिनिटांवरच्या घरी, त्याच नळाखाली भांडी घासत असणार. पुढे कित्येक वर्षं मला वाटत असे की माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकतो, फक्त बसवणारा चांगला लागतो.

मामाच्या कामातली एक खोड इथे सांगायला हवी, कारण सगळं घोडं पुढे तिथेच अडलं. प्रत्येक स्पीकरला दोन वायरी, प्लस आणि मायनस. दोन्ही दारांत त्या सारख्याच जोडाव्या लागतात. एका दारात उलट्या जोडल्या गेल्या तर स्पीकर वाजतो, बिघडत काही नाही, पण दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांना खातात. पोट गेल्यासारखा आवाज पातळ होतो आणि मधोमध उभं राहायचं सोडून गाडीभर सांडतो. म्हणून बाकीचे कारागीर जोडायच्या आधी वायरींना छोटा सेल टेकवून बघतात. स्पीकरचा पडदा बाहेर उडाला तर बरोबर, आत गेला तर उलट. मामाने जन्मात सेल टेकवला नाही. त्याच्या मते ते कान नसलेल्यांचं काम. तो हाताला येतील तशा वायरी जोडायचा, मामीला बोलायला लावायचा, आणि ती सांडलेली वाटली तर एका दाराच्या वायरी पालटायचा. तिसऱ्या शब्दाला त्याला कळायचं. यावर मामीचं म्हणणं होतं, "यांना सेल लागत नाही, म्हणून घड्याळातही घालत नाहीत."

मामी गेली त्याला सहा वर्षं झाली. आजारपण लांबलं नाही, तिने तशी कुणाला संधीच दिली नाही. आई आठ दिवस मामाकडे राहिली होती. तिने सांगितलं की पाचव्या दिवशी मामा सकाळी उठला, हत्यारांची पेटी काढली आणि कामाला लागला. नळाचा वायसर बदलला. कपाटाची मूठ स्क्रूने पक्की केली. दांडी सरळ केली. शेवटी घड्याळात सेल घातला आणि खुर्चीवरून खाली उतरून त्याच्या टिकटिकीकडे बघत उभा राहिला. आई स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. मग तो पुन्हा दुकानात जायला लागला, आणि कॅसेट पूर्वीसारखीच वाजत राहिली.

दोन वर्षांपूर्वी त्याने अचानक दुकान बंद केलं. हल्ली गाड्यांमध्ये मोठे पडदे येतात, कोण कशाला बदलतंय, धंदा संपला, असं तो म्हणाला. आम्हाला ते पटलं. वयही झालंच होतं. मला आता स्वतःचा राग येतो की आम्हाला ते इतकं चटकन पटलं.

यंदा मी गाडी घेतली. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरी करते, त्यावरून मामा मला 'पाणीवाल्या बाई' म्हणतो. घरात दोन पाणीवाले झाले, एक खरा, एक खोटा, हा त्याचा आवडता विनोद. कार्यालय घरापासून चाळीस मिनिटांवर, म्हणजे दिवसाचा सव्वा तास तरी माझा गाडीत जातो. विकणाऱ्या मुलाने मला कौतुकाने मोठा पडदा दाखवला, सहा स्पीकर आहेत म्हणाला. घरी आणल्यावर कळलं की आहेत त्या सहा जाळ्या. मागच्या दारांतल्या दोन जाळ्यांमागे पोकळी होती. पुढच्या दारांत जे होतं ते इतकं किरटं बोलायचं की बातम्या ऐकताना मला एकदम तो जुना, नाक धरलेला माणूस आठवला. मी मामाला फोन केला.

तो सरळ नाही म्हणाला. बाजारात ढिगाने दुकानं आहेत, एखादं गाठ, म्हणाला. मी फार आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याचाच फोन.

"ये घेऊन. पण कॅसेट आपली लावायची," तो म्हणाला. "माझी गाडी विकली. घरचा टेप एका डब्यातून बोलतो, त्यात ती उभी राहत नाही. एकदा तिला नीट उभी करू. मग माझं काम संपलं."

माझ्या गाडीत कॅसेट घालायला जागा कुठली. लग्नाच्या जुन्या चित्रफिती पेनड्राइव्हवर उतरवून देणारा एक जण माझ्या माहितीत होता. त्याच्याकडून मी मामीला उतरवून घेतलं. यात नळाचं काहीतरी आहे, चुकीची कॅसेट तर नाही ना आणली, असं त्याने काळजीने विचारलं. त्याच्या दुकानात मी पहिल्यांदा ती शेवटपर्यंत ऐकली, कारण मामा गिऱ्हाइकांपुढे शेवटचा तुकडा कधीच वाजू देत नसे. त्याआधी बटण दाबायचा. तिथे होतं काय, तर सगळी यादी संपल्यावर मामी विचारते, "झालं ना तुमचं? जाऊ मी?" आणि तिशीतला मामा घाईत म्हणतो, "हो, जा जा." एवढंच. यात लपवण्यासारखं काय आहे, ते मला कळलं नाही.

मी तीन दिवसांची रजा काढली. मामाच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. मामाने चटई पसरली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दाराचं पॅनेल असं अलगद उचकटलं की एक क्लिप तुटली नाही. सगळ्या क्लिपा त्याने एका वाटीत ठेवल्या. ती वाटी दुकानातलीच होती, मला ओळखू आली. कंपनीचा स्पीकर काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. वजन काहीच नव्हतं.

"जाळ्या दिल्यात, स्पीकर मागाहून पाठवणार असतील," तो म्हणाला.

त्याचे हात पूर्वीइतकेच स्थिर होते. वायर सोलणं, पीळ देणं, सोल्डरचा थेंब बरोबर जोडावर टेकवणं, सगळं तसंच. मी नुसती बघत बसले होते आणि फार बरं वाटत होतं. दुकानाचा तो जळका गोडसर वास किती वर्षांनी नाकात गेला. पंक्चरवाला, चावीवाला, फळीवरची सेवानिवृत्त मंडळी, सगळं त्या वासाबरोबर परत आलं.

दुपारी दोन्ही दारं झाली. मामाने मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः फेरी मारून माझ्या डाव्या हाताला बसला. मला जरा नवल वाटलं, कारण आवाज तपासताना मामा स्टिअरिंगसमोरची जागा कुणाला देत नसे. "गाडी तुझी," एवढंच म्हणाला. मी पडद्यावर बोट ठेवलं.

"बोलू? बरं. स्वयंपाकघरातला नळ पंधरा दिवस गळतोय."

सहा वर्षांनी मामी इतक्या जवळून बोलली. पण ती उभी नव्हती. ती माझ्या गुडघ्याशी होती, मागच्या सीटवर होती, छतात होती. मधोमधच तेवढी नव्हती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आठव्या वर्षी ऐकलेली गोष्ट मोठेपणी तशी कुठे राहते. मी मामाकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

पोट नाही आवाजाला, तो म्हणाला, आणि दोष गाडीच्या दारांना दिला. हल्लीची दारं पत्र्याची नसतात, कागदाची असतात. दुसरा दिवस दारांना आतून जाड थर चिकटवण्यात गेला. मामी तशीच पातळ आणि सांडलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने दारांच्या वरच्या टोकाचे छोटे स्पीकर काढून दुसरीकडे बसवले. तरीही तेच. आता तो वैतागला. गाडी बनवणाऱ्यांचा, विकणाऱ्यांचा आणि तसली गाडी घेणाऱ्यांचा त्याने उद्धार केला. आईचा फोन आला, दादाला दमवू नकोस म्हणून. मीही मनातून टेकीला आले होते. पण सोडून दे म्हणायची हिंमत होईना, कारण तो स्पीकर बसवायला बसलाच नव्हता, हे मला माहीत होतं. तो तिला उभी करायला बसला होता.

दुपारी मी वर जाऊन चहा केला आणि दोन कप घेऊन खाली आले. मामा गाडीत एकटाच बसला होता, माझ्या डावीकडच्या त्याच जागेवर, काच खाली करून. मामी हलक्या आवाजात कपाटाच्या मुठीबद्दल बोलत होती. मी त्याच्या खिडकीशी उभी राहून म्हणाले, मामा, चहा. तो हलला नाही. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा जवळजवळ त्याच्या कानात म्हणाले. शेवटी माझी सावली त्याच्या मांडीवर पडली तेव्हा तो दचकला, आणि आपण ऐकण्यात गुंग होतो म्हणाला.

मी कप हातात धरून फेरी मारली, स्टिअरिंगवर जाऊन बसले, आणि त्या चार पावलांत मला बरंच काही आठवलं. जेवायला बसताना तो हल्ली नेहमी टोकाची जागा धरतो. फोन डाव्या हातात घेतो आणि उजव्या कानाला लावतो. रस्त्यात चालताना बोलता बोलता बाजू बदलतो. आणि तीन दिवस मला त्याने उजवीकडेच बसवलं होतं.

"उभी आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. खोटं बोलले. त्याचा चेहरा इतका दमलेला होता की माझ्याकडून दुसरं काही निघेना.

त्याने सावकाश शर्टाच्या खिशातून ठिपक्यांचा कागद काढला. घड्या पडलेला, कडेने पिवळा.

"कुठे?"

मी बोट वर केलं. ते काचेपाशी गेलं आणि जरा फिरलं.

"उभी असती तर बोट फिरलं नसतं," मामा म्हणाला आणि कागद परत खिशात ठेवला.

मग मी विचारलंच. "मामा, डाव्या कानाने तुला ऐकू येत नाही ना?"

मामी पडद्याच्या दांडीबद्दल सांगत होती. मामाने हात पुढे करून तिला थांबवलं.

दोन वर्षांपूर्वी सर्दी झाली होती, त्याने सांगितलं. एका सकाळी उठला तर तो कान गेलेला. चार दिवस वाट बघितली, येईल परत म्हणून. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. दुसऱ्याच महिन्यात त्याने शटर ओढलं. आम्हाला धंदा संपल्याचं सांगितलं आणि आम्ही माना डोलावल्या. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. बहिणीला सांगता आलं नसतं? मला सांगता आलं नसतं? मी तसं बोललेही, जरा जोरातच.

"सांगून काय करायचं? एका कानाला मध्य नसतो गं," तो म्हणाला. "शब्द सगळे कळतात. पण ती कुठेच नसते. ज्याला ती कुठे आहे ते कळत नाही, त्याने लोकांच्या गाडीवर ठिपका कसा लावायचा? म्हटलं, नवे स्पीकर, नवी गाडी, एकदा तरी..."

मी डोळे पुसले. आता खोटं बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता. जसं होतं तसं सांगून टाकलं. "मामा, ती मधोमध नाही. पण बाकी सगळीकडे आहे. माझ्या गुडघ्याशी, मागे, छतात. सांडल्यासारखी."

मामाने मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा मला तो दुकानातला माणूस दिसला.

"सांडल्यासारखी? नक्की?"

"नक्की."

तो स्वतःशीच हसला. मग कपाळावर हात मारून पुन्हा हसला. एका दाराची वायर उलटी. पहिल्या दिवसापासून उलटी. कागदाची दारं, जाड थर, जागा बदललेले छोटे स्पीकर, सगळं फुकट. चाळीस वर्षं सेल न टेकवणाऱ्याला ते कानाने कळायचं, आणि कान अर्धाच उरलाय हे हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणाले, वर घड्याळातला सेल काढून आणते, टेकवून खात्री करून घेऊ.

"घड्याळाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "सेल सांगेल वायर कुठली. ती उभी राहिली का, ते सेलला नाही कळणार. ते तू सांगायचं. आणि मला बरं वाटावं म्हणून सांगायचं नाही."

पॅनेल निघायला पाच मिनिटं लागली, वायरी पालटायला दोन. पॅनेल परत लावायच्या आधीच, क्लिपांची वाटी मांडीवर घेऊन, तो माझ्याशेजारी बसला. मी सुरुवातीपासून लावलं.

"बोलू? बरं."

ती समोर होती. मधोमध, काचेपाशी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दारात काही नव्हतं, मागे काही नव्हतं. समोर वाळत घातलेली चटई आणि इमारतीची भिंत, आणि त्यांच्या अलीकडे मामी, गळत्या नळाची तक्रार करणारी. मी सात-आठ वर्षांची असल्यासारखी पुढे वाकले. विचार करायच्या आत माझं बोट काचेवर टेकलं होतं.

मामा काचेकडे बघतच नव्हता. तो माझ्या बोटाकडे बघत होता. त्याने खिशातून कागद काढला, एक ठिपका सोडवला आणि माझ्यापुढे धरला.

"तू लाव."

ठिपक्याचा डिंक सुकून गेला होता. लावला तरी गळून पडायला लागला, म्हणून मी तो बोटाने दाबून धरला. मामी मुठीवर आली, दांडीवर आली, घड्याळावर आली. एकदा हसली. मामा ठिपक्यावरची नजर न हलवता ऐकत होता. मधेच त्याने फक्त एकदा विचारलं, तिथेच आहे ना, आणि मी म्हणाले, तिथेच आहे. त्याने मान हलवली आणि वाटी घट्ट धरली.

यादी संपली. मामीने श्वास घेतला.

"झालं ना तुमचं? जाऊ मी?"

त्या तिशीतल्या घाईच्या माणसाने काही बोलायच्या आत मामाचा हात पडद्यावर पडला. आवाज थांबला. मामा ठिपक्याकडे बघत म्हणाला, "थांब जरा."

मग माझ्याकडे न बघता त्याने खूण केली, आणि मी एका हाताने ठिपका तसाच दाबून धरून दुसऱ्या हाताने कॅसेट पुन्हा नळापासून लावली.